शहाजीरावांचे बेचाळीस रंग

"मी सभेंत दिवे लावतों," असं शहाजीरावांनी मला पहिल्या भेटीत सांगितलं आणि मला हसू आवरेना. महाराष्ट्रात या वाक्याचा काय अर्थ होतो ते मी त्यांना सांगितल्यावर तेही हसले. म्हणाले, तंजावरच्या मराठीत असला खोडसाळपणा नाही, तिथं दिवे लावणं म्हणजे दिवे लावणंच.

सभा म्हणजे मैलापुरातली गाण्या-नाचाचे कार्यक्रम करणारी एक संस्था आणि तिचं स्वतःचं नाट्यगृह. शहाजीराव तिथं एकतीस वर्षं रंगमंचावरचा प्रकाश सांभाळत होते. त्यांचे आजोबा तंजावरहून मद्रासला आले, वडील एग्मोर स्टेशनात पार्सल ऑफिसात होते, आणि हे आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन एक दिवस सभेचा पंखा दुरुस्त करायला आले ते तिथलेच झाले. माझी मुलगी ऊर्मी त्या सभेच्या मागच्या खोल्यांत भरतनाट्यम शिकायची. बँकेनं माझी नाशिकहून चेन्नईला बदली केली, नवरा नोकरीसाठी तिकडेच राहिला, आणि संध्याकाळी क्लास सुटेपर्यंत मी नाट्यगृहाच्या रिकाम्या खुर्च्यांत बसून असायची. ऊर्मीला मी मराठीतून रागावले ते ऐकून शहाजीराव वरच्या खोलीतून खाली उतरले होते. घराबाहेर कुणाशी मराठी बोलून आपल्याला चार वर्षं झाली, असं ते म्हणाले.

त्यांची खोली बाल्कनीच्याही वर, लाकडी जिन्यानं चढून जायची. पूर्वी तिथं उजेड कमीजास्त करायचे, डिमरचे जाडजूड दांडे होते आणि भिंतीला जिलेटिनचे रंगीत कागद दोरीवर वाळत घातल्यासारखे टांगलेले असत. तापलेल्या दिव्यांसमोर ते कागद बदलताना बोटं भाजायची, त्याचे डाग त्यांच्या हातांवर होते. मग एलईडी दिवे आले, कॉम्प्युटर आला, आणि पन्नाशीत ते सॉफ्टवेअर शिकले. आता एकाच दिव्यातून कुठलाही रंग निघे. पडद्यावरच्या लाल, हिरवा, निळा, पिवळट आणि पांढरा अशा पाच पट्ट्या वरखाली करायच्या, मनासारखा रंग जमला की त्याला नाव देऊन साठवायचा. त्याला प्रीसेट म्हणत. पुढच्या वेळी एक बटण दाबलं की तोच रंग. पण शहाजीरावांनी प्रीसेट कधी फारसे केले नव्हते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते नर्तकीच्या घरी जाऊन साडी बघून येत आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांना पटेल तसा रंग जागच्या जागी मिसळत.

ऊर्मीच्या गुरू त्रिपुरसुंदरी साठीच्या होत्या, तरी वर्षातून एकदा, जानेवारीत, त्या सभेत स्वतः नाचायच्या. शहाजीरावांशिवाय दुसऱ्या कुणाला त्या दिव्यांना हात लावू देत नसत.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी शहाजीरावांनी मला वर बोलावलं. दार लावून घेतलं. रंगमंचामागच्या पांढऱ्या पडद्यावर त्यांनी एक रंग टाकला आणि विचारलं, हा कुठला.

मी म्हटलं, "लाल."

त्यांनी दुसरा टाकला. मी हिरवा म्हटलं. त्यांनी दोन्ही पुन्हा टाकून पाहिले. मग म्हणाले, "मज दोन्ही एकच दिसतात. चिखलासारखे."

त्यांच्या मानेला क्षयाची गाठ झाली होती. सहा महिने गोळ्या घ्यायच्या होत्या, गाठ तर विरघळलीही. गोळ्या सुरू करताना डॉक्टरांनी बजावलं होतं की रंगांत काही फरक वाटला तर त्याच दिवशी येऊन सांगा, यातली एक गोळी शंभरात एखाद्याच्या डोळ्यांच्या नसांना बाधते. चौथ्या महिन्यात फरक वाटला. पण त्यांना वाटलं दिवे जुने झाले. त्यांनी दोन दिवे दुरुस्तीला पाठवले. ते ठीक आहेत असा शेरा घेऊन परत आले, तेव्हा आणखी दोन पाठवले. डॉक्टरांकडे गेले तोवर गोळ्या संपत आल्या होत्या. ती एक गोळी तातडीनं बंद झाली. काहींची नजर वर्षभरात परत येते, काहींची येत नाही, एवढंच डॉक्टर सांगू शकले.

हे त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं. कनकाबाई, त्यांच्या पत्नी, कच्चे टोमॅटो आणल्याबद्दल चिडत, तेही ते ऐकून घेत.

मी विचारलं, मग मला का सांगता?

"तुम्हीं मराठीत बोलतां," ते म्हणाले. "इथं आपण काय बोलतों तें अवघ्यांना ऐकूं जाईल, पण समजणार नाहीं कोणाला."

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी नीट विचार करून ठेवलं होतं. नजरेच्या मधोमध अंधूक वर्तुळ आलं होतं, तरी आकडे वाचता येत होते, कडेकडेनं बघून का होईना. नाट्यगृहात लागतील तेवढे सगळे रंग मी बघून सांगायचे, त्यांनी आकड्यांत साठवायचे, आणि पुढं नजर परत येईपर्यंत त्या आकड्यांवर काम चालवायचं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला काही कारण सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते काम फार सोपं वाटलं.

पहिल्याच दुपारी माझी फजिती झाली. त्यांनी लाल पट्टी वर नेली, पिवळट थोडी मिसळली आणि विचारलं, काय दिसतं? मी म्हटलं, नारिंगी. कुठला नारिंगी, ते म्हणाले. झेंडूचा कां, कीं केशरी भाताचा? मग लाल आलं. "पिकल्या मिरचीचा कां, कीं घामानं पुसटलेल्या कुंकवाचा?" माझ्याकडे लाल हा एकच शब्द होता. निळ्यालाही एकच. चाळीस वर्षं दोन डोळे उघडे ठेवून मी काय बघत होते कोण जाणे. त्यांच्या डोक्यात शेकडो रंग जागच्या जागी होते आणि त्यांना एकही दिसत नव्हता.

मग मी वस्तू आणायला लागले. लिंबू, हळकुंड, जांभळाचा रस लागलेला रुमाल, ऊर्मीच्या जुन्या साड्या. त्या रंगमंचावर पांढऱ्या उजेडात ठेवायच्या, शेजारच्या पडद्यावर रंग टाकायचा, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत मी 'थोडं कमी, थोडं जास्त' म्हणत राहायचं. पुढचे आठ दिवे एका जातीचे, बाजूचे सहा दुसऱ्या, पडद्यावरचे तिसऱ्या. तोच आकडा तिन्हींवर वेगळा रंग देई, म्हणून प्रत्येक रंग तीनदा जुळवायचा. सॉफ्टवेअरला देवनागरी चालत नसे. रोमन अक्षरांत त्यांनी एका बोटानं नावं घातली: कुंकू, हळद, ओली वीट, सांज, तुळस, सावळा. पडद्यावर प्रत्येक नावाखाली त्या रंगाचा छोटा चौकोन उमटे. तो त्यांना उपयोगाचा नव्हता. ते नाव वाचत, आकडे वहीत लिहीत, आणि रात्री घरी पाठ करत.

सहा दुपारी गेल्या. बेचाळीस रंग झाले. शेवटच्या दिवशी त्यांना एकच रंग हवा होता, कनकाबाईंच्या लग्नातल्या साडीचा. ती साडी केव्हाच विरली होती. तमिळमध्ये अरक्कु म्हणतात, लाखेसारखा गडद लाल, पण तिच्यातला अरक्कु जरा काळा होता, असं ते सांगत होते. आणि ऊन पडलं की जरा जांभळा. मी न बघितलेल्या साडीचा रंग दोन तास शोधत होते. शेवटी दमून मी म्हटलं, हाच असेल. त्यांनी मान डोलावली आणि तो साठवला. मला तो सापडलेला नाही हे त्यांना कळलं होतं, असं मला तेव्हाही वाटलं.

नोव्हेंबर निघाला, मार्गळीचा, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या गाण्या-नाचाचा, सगळा हंगाम निघाला. कुणाला काही कळलं नाही. उलट एकाने त्यांना सांगितलं की यंदा तुमचे रंग अगदी एकसारखे पडतात. ते ऐकून ते हसले नाहीत.

त्रिपुरसुंदरींचा कार्यक्रम जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात होता, संध्याकाळी साडेसहाला. त्या दिवशी सकाळी सभेचे सेक्रेटरी पुरुषोत्तम यांनी कळवलं की कार्यक्रमाचं चित्रीकरण होणार आहे, तेव्हा पुढचे आठही दिवे काढून भाड्याचे नवे लावायचे. ते दिवे तीन वाजता आले. आकडे तेच राहिले, दिवे बदलले. याचा अर्थ शहाजीरावांइतका कुणालाच ठाऊक नव्हता. त्यांनी मला तीन वाजून दहा मिनिटांनी फोन केला. मग साडेतीनला, मग चारला. माझ्या शाखेत त्या दिवशी वरिष्ठांची तपासणी होती आणि फोन टेबलाच्या खणात होता. साडेपाचला मी ते तीन फोन पाहिले. वाटलं, आता तिथं जातेच आहे, भेटून बोलू.

मी पोचले तेव्हा पहिलं नृत्य सुरू झालं होतं. ते साध्या पांढऱ्या उजेडात असतं. मी ऊर्मीशेजारी जाऊन बसले. दुसरं होतं संध्याकाळी दारात वाट पाहणाऱ्या बाईचं. तंबोरा लागला, त्रिपुरसुंदरी डाव्या बाजूनं हळूहळू पुढे आल्या, आणि शहाजीरावांनी 'सांज' दाबला.

त्रिपुरसुंदरींचा चेहरा हिरवा झाला. दिवसभर पाण्यात राहिलेल्या माणसासारखा. पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. ऊर्मीनं माझा हात धरला. बाईंना स्वतःला हे दिसत नव्हतं, त्या वाट पाहत होत्या, डोळे मिटत होत्या, उघडत होत्या. चित्रीकरण करणाऱ्यानं कॅमेऱ्यावरून मान वर काढली आणि मागे वळून वरच्या खोलीकडे बघितलं.

मी जिना चढून गेले. शहाजीराव ताठ बसले होते, एक बोट बटणाजवळ.

"शहाजीराव, चेहऱ्यावर हिरवं पडलंय."

त्यांनी वळून पाहिलं नाही. "किती?"

"खूप."

त्यांनी हिरवी पट्टी खाली घेतली. आतां? मी म्हटलं, आता जांभळं. त्यांनी निळी कमी केली. आता फिकट गुलाबी झालं, मग अचानक पिवळं. खाली ती बाई एकाच ओळीवर अभिनय करत होती आणि तिचा चेहरा क्षणाक्षणाला रंग बदलत होता. कुजबूज वाढली. शहाजीरावांच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी म्हटलं, नुसतं पांढरं करा. त्यांनी केलं. उरलेला दीड तास सगळा कार्यक्रम शाळेच्या वर्गात असतो तसल्या उजेडात झाला.

संपल्यावर त्रिपुरसुंदरी स्वतः वर आल्या, घुंगरं हातात घेऊन. त्या ओरडल्या नाहीत. तमिळमध्ये त्यांनी एकच विचारलं.

"शहाजी, मी आज कुठल्या रंगाची साडी नेसले आहे?"

"अरक्कु," ते म्हणाले.

या नृत्याला त्या वीस वर्षं अरक्कुच नेसत. त्या दिवशी मात्र त्यांनी शेवाळी निवडली होती. शहाजीराव आदल्या दिवशी साडी बघायला गेलेच नव्हते. बघून काय करणार होते?

बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. मला सांगायला हवं होतंस, असं म्हणाल्या. सांगितलं असतं तर मला कामावर ठेवलं असतं का, असं शहाजीरावांनी विचारलं. बाईंनी घुंगरं गोळा केली आणि उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुरुषोत्तम यांचा मला फोन आला. कार्यक्रम चालू असताना मी त्या खोलीत काय करत होते, असं त्यांनी विचारलं. फार सभ्यपणे विचारलं. मला वाटलं, आजारपण आहे हे कळलं तर माणसं दया दाखवतील, वर्षभर दुसरं काही काम देतील. मी सगळं सांगितलं. गोळ्या, दुरुस्तीला पाठवलेले दिवे, बेचाळीस रंग. ते मधे मधे "अच्छा, अच्छा" म्हणत होते.

आठवड्याच्या आत शहाजीरावांना निवृत्त केलं. एका गाण्याच्या कार्यक्रमाआधी त्यांना रंगमंचावर बोलावलं, शाल पांघरली, हार घातला. टाळ्या झाल्या. एकतीस वर्षांत ते त्या बाजूनं प्रेक्षकांसमोर कधी उभे राहिले नव्हते. उतरताना कुणीतरी त्यांचा हात धरला.

मी त्यांच्या घरी गेले. मैलापुरातच, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत दोन खोल्या. कनकाबाईंनी दार उघडलं आणि त्या बाजूला झाल्या नाहीत. त्यांची मराठीही तशीच जुनी, पण तिच्यात तमिळ जास्त. पस्तीस वर्षं मी ह्यांच्या शेजारीं निजतें, त्या म्हणाल्या, आणि ह्यांचे डोळे गेलेले मला सभेच्या चपराशाकडून कळतं. तुम्हाला मात्र त्या सहा दुपारींपासून ठाऊक होतं. त्या रडत नव्हत्या. मला वाटतं रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग त्या आत गेल्या आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

शहाजीराव खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, माझी चूक झाली, मी पुरुषोत्तमांना सांगायला नको होतं.

"आपण मराठींत बोललों होतों ना, बाई?" ते म्हणाले.

एवढंच. पुढं त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीच एकदा सभेत जाऊन नव्या ऑपरेटरला विचारलं. एका कंपनीचा माणूस होता, हुशार, बोलायला गोड. ते बेचाळीस प्रीसेट मला एका पेन ड्राइव्हवर मिळतील का? त्यानं यादी शोधली. नावं कुठल्या भाषेत आहेत ते कळलं नाही, आकडेही नव्या दिव्यांना जुळत नव्हते, म्हणून त्यानं सगळं पुसून स्वतःचं नवं केलं होतं. तो मनापासून दिलगीर होता. घरी नेऊन तुम्ही त्याचं काय करणार होता, असं त्यानं विचारलं.

जूनमध्ये डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. फरक नव्हता, उलट मधलं अंधूक वर्तुळ जरा मोठं झालं होतं. सहा महिन्यांनी या म्हणाले. शहाजीराव मग गेले नाहीत. कनकाबाईंनी शेजारणींची ब्लाउजं शिवायला सुरुवात केली होती. कापडाला जुळता दोरा निवडताना त्या मुद्दाम शहाजीरावांकडे पाठ करून बसतात, असं त्यांच्याकडे जाऊन आलेल्या ऊर्मीनं मला सांगितलं. मुलांना अशा गोष्टी दिसतात.

ऑगस्टमध्ये ऊर्मीचं अरंगेट्रम झालं, त्याच सभेत. तिचं पहिलं एकटीचं नृत्य. मी दोघांना बोलावलं होतं. येतील असं वाटलं नव्हतं, पण आले, आणि तिसऱ्या रांगेत बसले. मी त्यांच्या मागच्याच रांगेत होते. दिवे बदलू लागले तसं कनकाबाईंनी नवऱ्याच्या कानाशी लागून हळूच सांगायला सुरुवात केली. आता पिवळा आला. आता मागे निळा, खाली जांभळा. त्यांचा राग इतक्या दिवसांनी उतरला होता, आणि उतरून तो हा असा झाला होता. शहाजीराव थोडा वेळ ऐकत राहिले.

"उगी बस," ते म्हणाले. आवाज चढवला नाही.

त्या थांबल्या. आणखी दोन मिनिटांनी शहाजीराव उठले आणि खुर्च्यांच्या पाठींना हात लावत लावत बाहेर गेले. कनकाबाई माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांच्या मागोमाग गेल्या. मला उठता येईना. माझी मुलगी समोर नाचत होती.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. खोका घेतला, दोन्ही हातांनी. ऊर्मीचं कौतुक केलं. तिचा डावा पाय जरा उशिरा पडतो, ऐकून कळलं, तेवढं तिला सांगा, असं म्हणाले. मी आत बोलावण्याची वाट बघत उभी होते.

"आतां येऊं नका, बाई," ते म्हणाले. "तुम्हीं आलां कीं मज अवघं आठवतं."

मी बरं म्हटलं. त्यांनी दार लावून घेतलं, अगदी हळू, आत कुणी झोपलेलं असावं तसं.

त्यानंतर मी गेले नाही. मैलापूर काही मोठं नाही, तळ्याकाठच्या भाजीवाल्यांजवळ ते दोघे मला दोनदा दिसले. कनकाबाई भाजी निवडत होत्या आणि शहाजीराव पिशवी धरून उभे होते, तोंड रस्त्याकडे करून. दोन्ही वेळा मी पलीकडच्या फुटपाथवरून निघून गेले.